घरच्या घरीं रक्तांतील साखरेची तपासणी



दांत दुखूं लागला म्हणजे झोंप उडते, हिवतापानें अंग थरथरूं लागतें. परंतु रक्तांतील साखर दोनशेंच्या वर गेली, तरी पुष्कळांस कांहीं एक कळत नाहीं. मनुष्य जेवतो, कामावर जातो, चारचौघांत हंसतो-बोलतो, आणि इकडे डोळ्यांच्या पडद्यांतील व मूत्रपिंडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचें नुकसान वर्षानुवर्षें चाललेलें असतें. मधुमेहाची खरी अडचण ही आहे. जें दुखत नाहीं, तें मोजावें लागतें.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुरस्कारानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून आपल्या देशांत सुमारें १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह असावा, असा अंदाज निघतो. यांतील कित्येकांच्या घरीं साखर मोजण्याचें लहानसें यंत्र, ज्यास आपण सर्रास ग्लुकोमीटर म्हणतों, तें असतें. मुलगा परगांवीं नोकरीस असला, तर येतांना तो तें आठवणीनें घेऊन येतो. पहिले आठ दिवस घरांतील सर्वांचीं बोटें टोचून होतात. पुढें पट्ट्या संपतात, आणि यंत्र फडताळांत जाऊन बसतें. यंत्र विकत घेणें सोपें आहे. परंतु त्याला केव्हां व काय विचारावयाचें, हें ठाऊक नसलें तर तें मुकेंच राहतें. आज त्याविषयींच बोलावयाचें आहे.

घरीं तपासतां येण्याजोगी एकच वस्तु पूर्वीं होती, ती म्हणजे लघवी. लघवीला मुंग्या लागतात, ही खूण आयुर्वेदाच्या ग्रंथकारांस ठाऊक होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्टॅन्ले बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें आपल्या नांवाचें निळें द्रावण तयार केलें, आणि पुढें ती कांचेची नळी, तो स्पिरिटचा दिवा व तें निळें पाणी हीं अनेक घरांत शिरलीं. द्रावणांत लघवीचे आठ थेंब टाकून तें उकळावयाचें; रंग निळाच राहिला तर साखर नाहीं, हिरवा झाला तर थोडी, पिवळा वा नारिंगी झाला तर अधिक, आणि विटेसारखा लाल झाला तर पुष्कळ. ज्यांचीं वयें आज सत्तरीच्या पुढें आहेत, त्यांपैकीं कित्येकांनीं आपल्या वडिलांस वा आजोबांस सकाळीं ही नळी उजेडाकडे धरून उभे असलेले पाहिलें असेल.

या परीक्षेंत दोन मोठीं वैगुण्यें होतीं. मूत्रपिंड हें बांधासारखें आहे. दर १०० मिलिलिटर रक्तामागें साखर सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर चढेपर्यंत तें तिला लघवींत जाऊं देत नाहीं, आणि वृद्धपणीं हा बांध कित्येकदां अधिकच उंच होतो. म्हणजे १७० असलेल्या मनुष्याची नळी निळीच राहणार. शिवाय लघवी मूत्राशयांत कित्येक तास सांठलेली असते, तेव्हां ती सांगते ती बातमी शिळी असते. दुसरें वैगुण्य अधिक गंभीर. साखर प्रमाणाबाहेर उतरली, तर लघवी त्याविषयीं अवाक्षरही काढीत नाहीं. जातां जातां आणखी एक गोष्ट सांगून ठेवतों. हल्लीं ग्लिफ्लोझिन वर्गाच्या ज्या गोळ्या दिल्या जातात, त्या हा बांधच खालीं आणतात व साखर लघवीवाटे बाहेर घालवितात. अशी गोळी घेणाऱ्याच्या लघवींत साखर सांपडणारच, मग रक्तांतील साखर उत्तम कां असेना. त्यानें साखरेसाठीं लघवीच्या पट्टीवर मुळींच विसंबूं नये.

११ जानेवारी १९२२ रोजीं टोरंटो येथें लिओनार्ड टॉम्प्सन या मुलास इन्सुलिन टोचण्यांत आलें, आणि जो रोग तोंपर्यंत लहान मुलांस निश्चित मृत्युच्या दारीं नेत असे, तो आटोक्यांत येण्याची वाट मोकळी झाली. परंतु इन्सुलिनबरोबर एक नवें भयही आलें. तें म्हणजे साखर अकस्मात् उतरण्याचें. त्या भयाला निळ्या नळीजवळ उत्तर नव्हतें. रक्त तपासावयाचें तर प्रयोगशाळेची पायरी चढावी लागे, आणि निकाल हातीं येई तों दुसरें जेवणही होऊन गेलेलें असे.

ही कोंडी फोडण्यांत एका रोग्याचा वांटा मोठा आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेंतील एम्स कंपनीनें रक्तानें भिजलेल्या पट्टीचा रंग वाचून आंकडा दाखविणारें एक यंत्र आणलें. तें वजनदार होतें, महाग होतें, आणि केवळ डॉक्टरांस व रुग्णालयांस विकलें जात असे. रिचर्ड बर्नस्टाईन नांवाच्या एका इंजिनियरास बाराव्या वर्षापासून मधुमेह होता व त्याचे परिणाम शरीरावर दिसूं लागले होते. त्यांची पत्नी डॉक्टर असल्यामुळें तिच्या नांवावर त्यांनीं तें यंत्र मिळविलें, आणि दिवसांतून अनेक वेळां स्वतःचें रक्त तपासून कोणत्या अन्नानें व किती इन्सुलिननें साखर कशी हालते, याचा त्यांनीं इंजिनियरास शोभेल असा हिशेब मांडला. त्यांचे लेख वैद्यकीय नियतकालिकांनीं स्वीकारले नाहींत. तेव्हां त्यांनीं चाळिशी उलटल्यावर वैद्यकीय महाविद्यालयांत नांव घातलें व ते स्वतःच डॉक्टर झाले. २०२५ सालीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, ते निवर्तले. त्यांचीं सर्वच मतें सर्वांस मान्य नाहींत. परंतु रोग्याच्या हातीं मोजमाप दिलें पाहिजे, ही त्यांची गोष्ट पुढें खरी ठरली. १९८३ ते १९९३ या काळांत अमेरिका व कॅनडा येथें १,४४१ इन्सुलिनावलंबी रोग्यांवर जो प्रयोग झाला, त्यांत दिवसांतून किमान चार वेळां बोट टोचून इन्सुलिनची मात्रा ठरविणाऱ्यांमध्यें डोळ्यांचा विकार नव्यानें होण्याचें प्रमाण, नेहमींच्या उपचारावर असलेल्यांच्या मानानें, ७६ टक्क्यांनीं कमी आढळलें. त्याच प्रयोगांत साखर धोक्याच्या खालीं उतरण्याचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले, हेंही विसरतां कामा नये.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. यंत्राच्या पट्टीच्या टोंकाशीं एक एन्झाईम असतो. रक्तांतील साखरेशीं त्याचा संयोग झाला म्हणजे अगदीं सूक्ष्म असा विद्युत्प्रवाह निर्माण होतो, आणि यंत्र तो मोजून आंकडा दाखवितें. बोटावर दुसरी साखर असली, तर बिचाऱ्या यंत्राला ती रक्तांतील कीं आंब्याची, हें ओळखतां येत नाहीं. हापूसची एक फोड चिरून हात न धुतां बोट टोचा, आणि आंकडा पाहून घाबरा! म्हणून हात साबणानें धुवावे आणि पूर्णपणें कोरडे करावे. कारण बोट ओलें असलें तर थेंब पातळ होऊन आंकडा उगीचच खालीं येतो. बोटाच्या अगदीं टोंकाला टोचूं नये. तेथें दुखतेंही अधिक. कडेला टोचावें, आणि बोटें पाळीपाळीनें बदलावीं. हात गार असले तर ते खालीं सोडून थोडा वेळ हालवावे. बोट पिळपिळून थेंब काढूं नये, कारण पिळल्यानें रक्ताबरोबर मांसांतील पाणीही बाहेर येतें.

पट्ट्यांना ओलावा सोसत नाहीं. कोंकणांत किंवा मुंबईंत आषाढ-श्रावणांत मीठसुद्धां पाझरतें, तेथें डबीचें झांकण उघडें राहिलें तर पट्टीचें काय होत असेल, याची कल्पना करावी. पट्टी काढतांच झांकण घट्ट लावावें. पट्ट्या दुसऱ्या डबींत भरूं नयेत. शेगडीजवळ, उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत किंवा शीतकपाटांत ठेवूं नयेत. आणि डबीवरील मुदत पाहावी. स्वस्त म्हणून मुदत संपत आलेल्या पट्ट्यांचा सांठा करणारे गृहस्थ आपल्यांत आहेत. त्यांची ही काटकसर खोट्या आंकड्यांवर पैसे खर्च करण्यासारखी आहे.

आंकडा मिळाला, तरी तो कितपत खरा मानावा? आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेनें २०१३ सालीं जो दंडक घालून दिला, त्याप्रमाणें साखर १०० किंवा अधिक असतांना शंभरांपैकीं किमान ९५ वेळां यंत्राचा आंकडा खऱ्या आंकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असला, म्हणजे यंत्र चांगलें. याचा अर्थ असा कीं, खरी साखर २०० असेल तर चांगलें यंत्रही १७० पासून २३० पर्यंत कांहींही दाखवूं शकतें. एकाच बोटांतून दोनदां रक्त काढून १४२ व १५३ असे आंकडे आले, तर यंत्र बिघडलें असें समजूं नये. दोन्ही आंकडे एकच गोष्ट सांगत आहेत. प्रयोगशाळेंत शिरेंतून रक्त घेतात, बोटांत सूक्ष्म वाहिन्यांतील रक्त असतें, आणि जेवणानंतर या दोहोंतील साखरेंत स्वभावतःच फरक पडतो. यंत्राची पारख करावयाची असेल, तर उपाशीपोटीं प्रयोगशाळेंत रक्त देतांना त्याच मिनिटाला बोट टोचून पाहावें. पंडुरोग असेल, म्हणजे रक्त फार पातळ झालें असेल, तर पुष्कळ यंत्रें साखर आहे त्याहून अधिक दाखवितात. आपल्याकडील स्त्रियांच्या बाबतींत हें विशेष ध्यानांत ठेवावें. विलायतेस किंवा ऑस्ट्रेलियांत राहणाऱ्या मुलानें तिकडून यंत्र पाठविलें, तर त्यावर ६ किंवा ७ असे चिमुकले आंकडे दिसतील. तिकडील माप निराळें आहे. त्या आंकड्यास १८ नीं गुणलें म्हणजे आपलें माप निघतें.

केव्हां मोजावें, हा खरा प्रश्न. आपल्या लोकांस उपाशीपोटींच्या साखरेचें मोठें वेड आहे. सकाळीं उठून १२० आली कीं दिवस सार्थकीं लागला! परंतु साखर चढते ती जेवणानंतर, आणि तेव्हां कोणी पाहतच नाहीं. सर्वांत उपयुक्त मोजणी ही जोडीची असते: जेवणास बसण्यापूर्वीं एकदां, आणि पहिला घांस घेतल्यापासून दोन तासांनीं दुसऱ्यांदां. जेवण संपल्यापासून नव्हे, पहिल्या घांसापासून. एक दिवस पोह्यांवर ही जोडी करावी, एक दिवस ज्वारीच्या भाकरीवर, एक दिवस वरणभातावर, आणि एकादशीच्या दिवशीं साबुदाण्याच्या खिचडीवर. उपासाच्या नांवाखालीं आपण केवढें पिष्ट पोटांत ढकलतों, हें त्या दिवशीं यंत्र जितक्या स्पष्टपणें सांगेल, तितकें कोणताही वैद्य सांगूं शकणार नाहीं. बहुतेक प्रौढ रोग्यांसाठीं जेवणापूर्वीं ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आंत हें ध्येय धरतात. गर्भवती स्त्रीसाठीं तें पुष्कळ कडक असतें: उपाशीपोटीं ९५ च्या आंत व दोन तासांनीं १२० च्या आंत. उलट ऐंशी वर्षांच्या, हृदयविकार जडलेल्या वृद्धास इतकें ताणून धरण्यांत हितापेक्षां अपायच अधिक. आपलें ध्येय कोणतें, हें डॉक्टरांस विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावें.

सर्वांनींच रोज मोजावें काय? माझें उत्तर स्पष्ट आहे: नाहीं. जे इन्सुलिन घेतात, त्यांस मोजण्यावांचून गत्यंतर नाहीं. विशेषतः जे दिवसांतून तीन-चार वेळां टोचून घेतात, त्यांनीं प्रत्येक जेवणापूर्वीं व निजतांना पाहिलेंच पाहिजे. परंतु जे केवळ पथ्यावर किंवा मेटफॉर्मिनसारख्या, साखर फार न उतरविणाऱ्या गोळीवर आहेत, त्यांनीं रोज बोटें टोचल्यानें फारसा लाभ होत नाहीं. इंग्लंडमध्यें इन्सुलिन न घेणाऱ्या ४५३ रोग्यांवर झालेल्या व २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, घरीं मोजणारे व न मोजणारे यांच्या साखरेंत लक्षांत घेण्याजोगा फरक आढळला नाहीं. याचें कारण उघड आहे. मोजून जर कांहीं बदलावयाचें नसेल, तर तो आंकडा कशाला? आपल्या देशांत पट्ट्यांचा खर्च बहुधा ज्याच्या त्याच्या खिशांतून होतो. अशा रोग्यानें महिन्याच्या पंचवीस पट्ट्या रोज सकाळीं एक याप्रमाणें उडविण्याऐवजीं, डॉक्टरांकडे जाण्यापूर्वींचे तीन दिवस निवडावे व त्या तीन दिवसांत जेवणांच्या जोड्या कराव्या. किंवा औषध बदललें, ताप आला, अथवा डोळ्यांपुढें अंधारी आली, अशा वेळेसाठीं पट्ट्या राखाव्या. ताप-उलट्या चालू असतां इन्सुलिन घेणाऱ्यानें मात्र दर चार तासांनीं साखर पाहावी. 'जेवलों नाहीं, म्हणून इन्सुलिन घेतलें नाहीं' असें स्वतःच ठरवून मोकळें होऊं नये. त्यानें प्राणावर बेतल्याचीं उदाहरणें घडतात. मात्रा किती घ्यावी, हें लागलीच डॉक्टरांस विचारावें.

आतां ज्या गोष्टीसाठीं यंत्र उशाशीं असावें, ती सांगतों. साखर ७० च्या खालीं गेली म्हणजे सावध व्हावें. ५४ च्या खालीं गेली म्हणजे तें संकट समजावें. इन्सुलिन घेणारे, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणारे, यांना हें भय विशेष. दरदरून घाम, हातांस कंप, छातींत धडधड, एकाएकीं खवळलेली भूक, उगीच चिडचिड, अर्धवट बोलणें, हीं त्याचीं चिन्हें होत. पुष्कळदां घरच्या माणसांस तीं आधीं दिसतात. आजोबा आज असें विचित्र कां बोलतात, याचें उत्तर 'वय झालें' हें नसून '४८' हें असूं शकतें. अशा वेळीं ग्लुकोजची पूड किंवा साखर तीन चहाचे चमचे भरून पाण्यांत द्यावी, पंधरा मिनिटें थांबावें, व पुन्हां बोट टोचावें. अजून ७० च्या खालींच असेल तर तितकीच पुन्हां द्यावी. साखर सुधारली, आणि पुढचें जेवण लांब असलें, तर मग कांहींतरी खावें. पेढा किंवा चॉकलेट देऊं नये. त्यांतील स्निग्धांशामुळें साखर हळू चढते. ज्यांना इन्सुलिन वा वरील गोळ्यांबरोबर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्याही चालू आहेत, त्यांना साधी साखर उपयोगी पडत नाहीं, कारण ती फोडण्याची क्रियाच त्या गोळ्या मंदावतात. त्यांच्या घरीं ग्लुकोजचीच पुडी हवी. मनुष्य शुद्धीवर नसेल, तर तोंडांत कांहींही ओतूं नये, त्यास कुशीवर वळवावें व तडक रुग्णालयांत न्यावें. यंत्र हाताशीं नसेल आणि चिन्हें दिसत असतील, तर मोजण्यासाठीं खोळंबूं नये. आधीं साखर द्यावी.

श्रावणी सोमवार, संकष्टी, नवरात्र या दिवसांत गोळी सकाळची सकाळीं घेतली जाते आणि जेवण मात्र चंद्रोदयापर्यंत लांबतें. तो दिवस मोजण्याचा आहे. रमजानच्या रोज्यांतही हाच प्रश्न येतो; रोजा चालू असतां बोट टोचून रक्त पाहिल्यानें रोजा मोडत नाहीं, असें अनेक इस्लामी धर्मज्ञांनींही सांगितलेलें आहे. उपासापूर्वीं औषधाची मात्रा व वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. रात्रीं घाम येऊन जाग येत असेल, किंवा सकाळीं डोकें जड असेल, तर एखादे रात्रीं तीन वाजतां गजर लावून पाहावें. सकाळची साखर वाढलेली दिसली म्हणून रात्रीचें इन्सुलिन स्वतःच्या मनानें वाढविणें हा जिवाशीं खेळ होऊं शकतो.

वहीविषयीं थोडें बोललें पाहिजे. रोग्यांच्या वह्या पाहतांना मला एक प्रकार वरचेवर आढळतो. महिनाभराचे आंकडे एकाच शाईनें, एकाच बैठकींत लिहिलेले असतात, आणि ते सारे ११० च्या आसपास असतात. मनुष्य खोटें कां लिहितो? बहुधा घरीं आंकडा वाढला कीं 'काल पुन्हां श्रीखंड खाल्लेंत ना?' असा पंचनामा सुरू होतो म्हणून. किंवा डॉक्टर रागावतील म्हणून. घरांतील सुनेनें वा मुलानें हा आंकडा शाळेंतील गुणांसारखा वाचूं नये. २६० हा गुन्हा नव्हे. ती बातमी आहे, आणि ती दडविली तर औषध चुकीचें ठरतें. वहींत आंकड्यापुढें काय खाल्लें, किती चाललों, झोंप लागली कीं नाहीं, हें दोन शब्दांत लिहावें. सध्यांच्या यंत्रांत आंकडे सांठवलेले राहतात, तेव्हां डॉक्टरांकडे जातांना वहीबरोबर यंत्रही न्यावें.

तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी जी एचबीए१सी तपासणी, तिची जागा घरचें यंत्र घेऊं शकत नाहीं. आणि यंत्राची जागा तीही घेऊं शकत नाहीं. ७ टक्के म्हणजे सरासरी सुमारें १५४. पण एकदां ५० व एकदां २६० असणाऱ्याचीही सरासरी तीच निघते.

दंडाला चिकटवून चौदा दिवस अखंड साखर दाखविणाऱ्या चकत्याही आतां मिळतात. त्या त्वचेखालील द्रवांतील साखर मोजतात, म्हणून रक्तापेक्षां पांच ते पंधरा मिनिटें मागें असतात. साखर वेगानें उतरत असली आणि चकतीचा आंकडा व अंगावरील चिन्हें जुळत नसलीं, तर बोट टोचूनच खात्री करावी. इन्सुलिन घेणाऱ्यांस, विशेषतः लहान मुलांच्या आईबापांस, त्या वरदान वाटतात; परवडत असतील त्यांनीं अवश्य वापराव्या. परंतु न टोचतां साखर सांगण्याचा दावा करणारीं मनगटी घड्याळें व आंगठ्या यांच्या जाहिरातींस भुलूं नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०२४ च्या फेब्रुवारींत त्यांविरुद्ध स्पष्ट इशारा दिला असून, असें एकही घड्याळ वा आंगठी आपण तोंवर मान्य केलेली नाहीं, असें सांगितलें होतें.

शेवटीं सुईसंबंधीं. एकाची सुई दुसऱ्यास वापरूं नये, आणि सुई बदलली तरी एकाच टोचणीनें घरांतील सर्वांचीं बोटें टोचण्याची हौस करूं नये. त्यायोगें कावीळ उत्पन्न करणारे विषाणु एकाकडून दुसऱ्याकडे जातात. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवींत सुट्या टाकल्या, तर त्या सकाळीं सफाई कामगाराच्या हातांत शिरतात. जाड प्लास्टिकच्या झांकणाच्या डब्यांत त्या सांठवाव्या, डबा तीन-चतुर्थांश भरला कीं झांकण चिकटपट्टीनें बंद करून वर 'सुया' असें लिहावें, आणि आपल्या दवाखान्यांत किंवा प्रयोगशाळेंत तो घेतात काय, हें विचारून तेथें द्यावा.